अकरा टक्के इराण

आप्पांची शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात झाली. मी नांदेडहून दुपारच्या बसनं गेलो होतो. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते, शिवलिंगआप्पा. खाटेवर उशीला टेकून बसले होते, कपाळावर भस्म ताजं होतं. काकू डबा धुवायला बाहेर गेली तसं त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, शेताचं काही सांगतील, नाहीतर काकूला सांभाळ म्हणतील. आप्पा म्हणाले, "बसू पोरा, खरं सांग. तपासायला धाडली ती थुंकी कुणाची होती?"

मी म्हणालो, "तुमचीच की, आप्पा."

"हाव का…" एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून हसले. चार दिवसांनी काकूचा फोन आला. आता सव्वा महिना होऊन गेलाय. मी मुळात गप्प राहणारा माणूस. खोटं बोलायची सवय नाही, कारण खरंही फारसं बोलत नाही. पण हे सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. थुंकी माझी होती.

आमचं आडनाव खुरासणे. उदगीरमध्ये एवढं एकच घर, त्यामुळं ते कुठून आलं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. आप्पांना पडली. तहसीलमधून निवृत्त झाल्यावर मुलीच्या जुन्या नकाशाच्या वहीत त्यांना इराणच्या वरच्या अंगाला 'खुरासान' दिसलं आणि त्या दिवसापासून ते उदगीरचे राहिले नाहीत. नोकरीत जुनी उर्दू दप्तरं वाचलेली, त्यामुळं पुरावे पायलीनं मिळायचे. दरवाजा, जमीन, पगार… हे सगळे शब्द आपल्या पूर्वजांनी सोबत आणले, असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणायची, पगार आणला असता तर बरं झालं असतं. मग ते नाक दाखवायचे. "हे नाक उदगीरचं न्हाई." त्यावर काकू भाकरी थापत म्हणायची, "सर्दी तेवढी उदगीरची."

लिंगायतांच्या घरी वंशावळी सांगणारा हेळवी येतो, बैलावर वह्या लादून. त्या साली आला तेव्हा आप्पांनी त्याला ओसरीवर बसवून सात पिढ्या मागं नेलं. सातव्या पिढीला हेळव्यानं बोट ठेवून वाचलं, "मूळपुरुष मल्लप्पा, घाण्याचा." घाणा म्हणजे तेलाचा, हे पोरासोरालाही कळावं. आप्पा मिनिटभर वहीकडं बघत राहिले आणि म्हणाले, यातला 'र' खाल्लाय. मूळपुरुष मल्लप्पा, घराण्याचा. हेळवी म्हणाला, आमच्या आजोबानं लिहिलंय मालक, ते अक्षर खाणारे नव्हते. त्याला दोन पायल्या ज्वारी जास्तीची मिळाली आणि तो 'र' त्याच्या देखत वहीत चढला.

तरी आप्पांना शास्त्राचा शिक्का पाहिजे होता. थुंकीवरून कूळ कळतं हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि मला फर्मान सुटलं. मी तपासणीची नळी मागवून उदगीरला नेली. अट एकच, अर्धा तास तोंडात काही नको. आप्पांचं तोंड गेली चाळीस वर्षं अर्धा तास रिकामं राहिलेलं नव्हतं. तीनदा घड्याळ लावलं. तिन्ही वेळा विसाव्या मिनिटाला पान आत. शेवटी भरलेली नळी मी नांदेडला आणून उजेडात धरली तर आत कात-चुन्याचा लाल गाळ. हे तपासायला गेलं तर पानाच्या वेलाची वंशावळ येईल, असं मला वाटलं. नळी धुतली, माझी थुंकी भरली. चुलत्या-पुतण्याचं कूळ एकच, त्यात फरक काय पडणार, अशी मनाची समजूत घातली.

निकाल आला. सगळा दख्खन. इराणचा कणही नाही. मी खरं सांगायच्या तयारीनंच फोन लावला होता. तिकडून आप्पा म्हणाले, "बोल बसू. आंघोळ करून बसलोय." मागं चार-पाच जण खोकत होते. सगळ्या आळीला बोलावून ठेवलं होतं… माझ्या तोंडून निघून गेलं, "अकरा टक्के." दहा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.

त्यानंतर त्या अकरा टक्क्यांनी उच्छाद मांडला. आप्पा लोकरीची टोपी घालून बाजारात जायला लागले. देवणी गावच्या लग्नात वरपक्षाला आपलं मूळ सांगत बसले, अक्षता त्यांच्या हातातच राहिल्या. इराणी लोक बिनदुधाचा चहा पितात म्हणून दोन दिवस तो प्याले आणि तिसऱ्या दिवशी पोट धरून बसले. "अकरा टक्क्याला मानवला, एकोणनव्वदला न्हाई," म्हणाले. प्रत्येक वेळी मी ठरवायचो, आता सांगू. आणि प्रत्येक वेळी ते इतके खुशीत असायचे की मी परतीची बस धरायचो.

मग दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न झालं. सून नाशिककडची. तिला पहिल्यांदा आप्पांकडं जेवायला नेलं. आमच्याकडं रोजच्या जेवणात कारळाची चटणी असतेच. आप्पांचा तर तिच्याशिवाय घास उतरत नसे. सुनेनं बोट चाटलं आणि कौतुकानं म्हणाली, "आजी, खुरासणीची चटणी मस्त झालीय." काकू म्हणाली, कसली? सून म्हणाली, आमच्याकडं कारळाला खुरासणीच म्हणतात… मला घाणा दिसला, घाण्यात पडणारं काळं कारळ दिसलं, सातव्या पिढीचा मल्लप्पा दिसला. मी ताटाआडून तिला गप्प राहायची खूण केली. आप्पांचा हात भाकरीवर क्षणभर थांबला. मग त्यांनी पाणी मागितलं. कानानं कमी ऐकायचे. ऐकलं नसावं, असं मी धरून चाललो.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी काकूला सगळं सांगून टाकलं. थुंकी, अकरा टक्के, सगळं. ती गहू निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच कळंना, दोन वर्सं झाली, चटणीला चटणी म्हणायचे न्हाईत. ताटावर बसले की, थोडं इराण वाढ गं."

निघताना काकूनं चटणीचा डबा पिशवीत घातला. तिला एकटीला संपत नाही म्हणाली. तो आता नांदेडला आमच्या फळीवर आहे. रोज मी भाकरीवर चमचाभर घेतो. सून विचारते, आणखी वाढू का? मी म्हणतो नको, एवढं इराण बास.