मेहिटाबेल ट्रास्कने रांगेतून उचललेला शिपाई

सॅराटोगाला इंग्रजांची फौज आम्हा अमेरिकनांना शरण आली, त्या वर्षी सफरचंदांच्या ऐन हंगामात आमच्या ऑल्डर हिल गावात धडधाकट पुरुष म्हणून एकटे पाद्रीबुवाच उरले होते. आणि त्यांना सफरचंदाबद्दल खाण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. बाकी सगळे बंदुका घेऊन लढाईला गेलेले. बागांमध्ये फळांचा नुसता सडा.

मेहिटाबेल ट्रास्क माझी शेजारीण. नवरा लढाईच्या आधीच तापानं गेलेला, मूलबाळ नाही. आवाज असा खणखणीत, की तिनं आपल्या गाईला हाक मारली तर दुसऱ्यांच्याही गाई घरी परतायच्या.

शरण आलेल्या फौजेला पहाऱ्यात बोस्टनकडे चालवत नेत होते, ते आमच्याच गावावरून. राजा जॉर्जनं भाड्यानं आणलेले जर्मन शिपाई आम्ही तोवर पाहिले नव्हते. ते पोरं खातात, असं ऐकून होतो. प्रत्यक्षात आले ते चिखलानं माखलेले, बुटांचे तळ सुटलेले, शिंकून शिंकून हैराण झालेले जीव. आम्ही बायका रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मेहिटाबेल सरळ पुढे झाली आणि बाजारात बैल पारखावा तसे एकेकाचे दंड न्याहाळू लागली.

"हा द्या मला," ती पहारेकऱ्याला म्हणाली.

"अहो बाई, कैदी आहेत हे. विकायला नाही आणलेत."

"विकत कोण मागतंय? माझी सफरचंदं कुजताहेत. रस काढून झाला की परत देते."

"आणि पळून गेला तर?"

"माझ्या हातून?"

पहारेकऱ्यानं तिला एकदा नीट पाहून घेतलं. "नाही पळायचा," तो म्हणाला आणि रांग पुढे निघाली.

हाइनरिक लोझे त्याचं नाव. ब्रुन्सविकच्या, म्हणजे एका जर्मन ड्यूकच्या राज्यातल्या, कुठल्याशा खेड्यातला सुताराचा मुलगा. आमच्या भाषेचा गंध नाही. मेहिटाबेलनंच ती त्याला शिकवली, म्हणजे दिवसभर त्याच्यावर ओरडून. त्यामुळे त्याला भाषा आली ती सगळी तिच्या तोंडची. एकदा पाद्रीबुवा विचारपूस करायला गेले, तर हा टोपी काढून, अतिशय नम्रपणे म्हणाला, "या मेल्या, बसा. चिखलाचे पाय आत आणाल तर तंगडं मोडीन." पाद्रीबुवा दारातच बूट काढून आत गेले.

सफरचंदं संपली, मग लाकडं फोडायची निघाली, मग गोठ्याचं छप्पर. परत न्यायला कुणी आलं नाही आणि परत द्यायची आठवण मेहिटाबेलला झाली नाही. लढाई संपायच्या आधीच दोघांनी लग्न केलं. पाद्रीबुवांनी विचारलं, "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" हाइनरिक ठणकावून म्हणाला, "हो म्हटलं ना, किती वेळा सांगायचं!"

पुढे कायद्यानं तो इथला नागरिक झाला, गावच्या सभेत मतासाठी हात वर करायचा हक्क मिळाला. आणि मग फिलाडेल्फियाहून नव्या राज्यघटनेचा कागद आला. ती मान्य करायची की नाही, हे ठरवायला प्रत्येक गावानं बोस्टनला आपला माणूस धाडायचा होता. घराघरांत भांडणं पेटली. मेहिटाबेलच्या घरी तर विचारूच नका.

"एका राजाला हाकलता हाकलता जीव गेला," मेहिटाबेल म्हणायची, "आता अध्यक्ष म्हणून दुसरा आणून बसवायचा? आणि माणसाच्या हक्कांचं एक अक्षर तरी आहे का त्यात?"

"माझ्या ड्यूकनं मला घोड्यासारखं भाड्यानं दिलं," हाइनरिक म्हणायचा. "यात ड्यूकच नाही. मला एवढं पुरे."

सभेच्या दिवशी बायका बाहेर, पण दार किलकिलं. आत हाइनरिक बोलायला उठला, तोच पेलेग स्टॉडर्ड, आमच्या चर्चचा कारभारी, ओरडला, "राजाचा भाडोत्री आम्हाला स्वातंत्र्य शिकवणार काय?"

"गप बस मेल्या, आधी ऐकून घे!"

बोलला हाइनरिक, पण हे बोल कुणाचे, ते अख्ख्या गावाला ठाऊक. सभाघर हसून लोटपोट झालं. पेलेगही हसला. बाहेर मेहिटाबेल लालेलाल.

हसू ओसरल्यावर हाइनरिक हळू आवाजात म्हणाला, "मला इकडे पाठवताना कुणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारताय. म्हणून माझं हो. पण माझी बायको म्हणते, यात हक्क लिहिलेले नाहीत. खरं आहे ते. तिला तुम्ही विचारणार नाही, म्हणून मी सांगतो. हो म्हणा, पण हक्क मागून घ्या."

थोड्याच हातांच्या फरकानं तसंच ठरलं. बोस्टनलाही काठावरच, दुरुस्त्या मागूनच मान्यता मिळाली.

घरी जाताना मेहिटाबेल फणफणत होती. "माझ्याविरुद्ध हात वर केलास!"

"तुझंही सांगितलं की."

"नंतर सांगितलंस. आधी माझं सांगायचं, मग तुझं." पण असं म्हणत तिनं त्याचा दंड धरला तो घरापर्यंत सोडला नाही.

काही वर्षांनी हक्कांची कलमं खरोखरच आली. पाद्रीबुवांनी ती तिच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवली. मीही होते. मेहिटाबेलनं सगळी ऐकून घेतली, लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "बायकांचं कुठलं?"

पाद्रीबुवांना एकाएकी रविवारच्या प्रवचनाची तयारी आठवली. ते गेले. हाइनरिकनं तो कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवू लागला. वाचता त्याला येत नव्हतं, तरी बराच वेळ शोधत होता.