एक लाख तीन बटणं

बटणांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं पॅकिंग केल्यामुळे मावशींना सगळे पॅकिंगमावशीच म्हणत. बटणांची रास नुसती बघून त्या डबे किती लागतील ते सांगत, आणि ते सहसा चुकत नसे. नियम एकच होता: एका ऑर्डरचे सगळे डबे सारखे भरायचे, एकही बटण सुटं राहता कामा नये.

मग एक लाख तीन बटणांची ऑर्डर आली. ना एक कमी, ना एक जास्त.

मावशींनी तिनाचे वाटे केले, एक उरलं. साताचे केले, पुन्हा एक उरलं. अकराचे केले तर दोन. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. छापखान्यातून निवृत्त झालेला नवरा म्हणाला, "अगं, दोनाने जात नाही तर चाराने कशाला बघतेस? दोनाच्या पोटातलंच ते."

तेवढ्याने निम्मं काम हलकं झालं. मग मावशींच्या स्वतःच्याच लक्षात आलं की तीनशे सोळाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. डबे त्याहून जास्त झाले, तर प्रत्येकातली बटणं त्याहून कमी होणार, आणि तो आकडा आधीच करून झालेला असणार. पासष्ट भागाकार उरले. पासष्टही वेळा काही ना काही उरलंच.

त्यांनी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं, ही मूळ संख्या आहे, कुणालाच दाद देत नाही. सगळी बटणं एकाच डब्यात घाला.

मॅनेजरने फॉर्म पुढे सरकवला. त्यावर 'डबे' असं छापलं होतं. एक असेल तर तो डबा झाला, डबे नव्हे, आणि छापील फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मावशींनी पेन उचललं. मग 'डबे'पुढे एक लाख तीन लिहिलं आणि 'प्रत्येकी'पुढे एक. मॅनेजरने समाधानाने सही केली.

बारा बायका एकोणीस दिवस काडेपेटीएवढ्या डब्यांत एकेक बटण घालत होत्या. एकीला झोपेतही झाकणं लावायची सवय जडली.

माल न्यायला गिऱ्हाइकाचा म्हातारा कारकून आला. हाच आकडा का, असं मावशींनी त्याला विचारलं. तो म्हणाला, शेटना तीन मुलगे. पुढे सुना, नातवंडं. हा माल त्यांच्या नावाने ठेवायचाय. कितीही वाटेकरी झाले तरी सारखी वाटणी होऊ नये, म्हणून शेटनी आकडा मुद्दाम शोधून काढला.

"मग तिघांत एक बटण उरेल," मावशी म्हणाल्या. "त्या एकावरून भांडतील की."

"भांडू देत," कारकून म्हणाला. "सहा वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. भांडण्यासाठी तरी बोलतील."

मावशींनी पावती फाडून दिली. त्या रविवारी त्यांनी चार वर्षांनी थोरल्या जावेला फोन लावला आणि एका जुन्या कुकरवरून तिच्याशी तासभर कडाकडा भांडल्या. फोन ठेवताना जाऊ म्हणाली, बुधवारी जेवायलाच ये, म्हणजे उरलेलं भांडू.