आखणी राहिलेलं चित्र

परळच्या गणपती कारखान्यांत मनू परबांचं नाव काढलं की लोक आधी कानाची पाळी धरतात आणि मग हसतात. पाळी धरतात त्यांच्या हाताला, हसतात त्यांच्या खोडीला. माणूस मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा. घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. सगळं आटपलं की मनूकाका येणार, श्वास रोखून दोन डोळे काढणार आणि चहा पिऊन चालते होणार. तोवर ती माती, त्यानंतर देव. बहात्तरी गाठली, पण हात अजून हलत नाही. आणि खोड अशी की डोळ्यांवाचून चेहरा दिसला की यांना चैन पडत नाही. सुनेनं हौसेनं आणलेल्या शोभेच्या बाहुलीला तोंडावर काहीच नव्हतं, तर यांनी एका दुपारी तिला डोळे काढून ठेवले. सून दोन दिवस बोलली नाही.

आता अशा माणसाला स्वतःच्या आईचे डोळे आठवू नयेत, याला काय म्हणायचं? शांता परब गेली तेव्हा मनू सहा वर्षांचा. घरात तिचा फोटो नाही. काळाचौकीच्या दहा बाय दहाच्या खोलीत तेव्हा फोटो म्हणजे थेरं. पण बाबा सांगायचे, आपल्या कारखान्यात चित्रकला शिकणारा एक पोरगा येऊन बसायचा, त्यानं तुझ्या आईला समोर बसवून चित्र काढलं होतं. पोरगा पुढं जगभर गाजला. चित्र परदेशातल्या कुणा धनिकानं नेलं. मनूनं मात्र आशा सोडली नाही. मरायच्या आधी एकदा आईचं तोंड बघायचं, एवढंच त्याचं मागणं.

यंदा नातीनं, श्रेयानं, मोबाईलवर बातमी दाखवली. त्या धनिकाच्या मुलांनी अख्खा संग्रह फोर्टातल्या एका संग्रहालयाला दिला होता. यादीत एका चित्राचं नाव होतं, 'शांता, परळ'. काका उठून दाढी करायला बसले.

संग्रहालयाच्या पहिल्या दालनात ते रमलेच. त्या चित्रकाराच्या चित्रांत ना देव ना देखावा, नुसते रंगाचे पट्टे आणि वाकडीतिकडी माणसं. श्रेयाला वाटलं, आजोबा वैतागणार. पण ते एका लाल पट्ट्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. "थांबायचं कुठं ते कळलंय गो ह्याला," ते म्हणाले. "आमच्यात अर्ध्यांना मरेस्तोवर कळत नाही."

मग दुसऱ्या दालनात ते चित्र आलं. हिरव्या लुगड्यातली बाई, मांडी घालून बसलेली. चेहऱ्याच्या जागी एकच मातकट रंग. डोळे नाहीत, नाक नाही, काही नाही.

"डोळे रवले गो," काका हळूच म्हणाले.

"आजोबा, तसंच असतं ते. मॉडर्न आहे."

"असू दे मॉडर्न. आखणी राहिलीय ह्याची. एवढा मोठा झाला आणि माझ्या आईला मातीतच ठेवून गेला."  मग डोळे पुसून ते तडक तिथल्या बाईंकडे गेले. आकांक्षा मॅडम, संग्रहाची व्यवस्था बघणाऱ्या. काकांनी खिशातून बारीक कुंचला काढला आणि मिस्त्रीनं गळका नळ दुरुस्त करून देतो म्हणावं तितक्या सरळपणे सांगितलं, "मॅडम, त्या चित्राचे डोळे राहिलेत. मी करून देतो. दहा मिनिटांचं काम, पैसे नकोत. माझी आई आहे ती."

श्रेयाला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "काका, चित्राला हात लावता येणार नाही. पण मला सांगा ना, कसे होते आईंचे डोळे?"

काकांनी तोंड उघडलं. पन्नास वर्षांत हजारो डोळे काढले होते, त्यांतली एकही जोडी ओठांवर येईना. कुंचला तसाच हातात राहिला.

"मला ठाऊक नाहीत," ते म्हणाले.

ते परत चित्रापाशी गेले. आता चेहऱ्याकडे बघायचं त्यांना धाडस होईना, म्हणून नजर खाली उतरली. बाईचे दोन्ही हात मांडीभोवती गोल वळलेले होते, काहीतरी धरून ठेवल्यासारखे. आणि मधली जागा कोरी. रंगच लावलेला नव्हता.

"मला बसवलं होतं इथं," काका म्हणाले. "हलू नको, हलू नको म्हणत होती. मी भोवरा घेऊन पळालो. ती हाका मारत राहिली."

बंद व्हायची वेळ झाली. श्रेयानं त्यांच्या खांद्याला हात लावला.

"तू हो पुढं," ते म्हणाले आणि चित्रासमोर जमिनीवरच मांडी घालून बसले. "मी जरा आईकडं बसतो."