आशीर्वादाला घातलेला ब्लॉक

कराटे शिकायला लागल्यापासून माझा एकच ब्लॉक बिनचूक बसला. तो माझ्या वडिलांच्या उजव्या मनगटावर बसला.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी या वाटेला गेलो ते मुलीमुळे. मनू चौथीत. हडपसरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग सुरू झाला, पण ती एकटी जाईना. मग आम्ही बाप-लेक दोघंही पांढरा पट्टा बांधून उभे राहिलो. (पट्ट्याची गाठ तिला पहिल्या दिवशी जमली, मला तिसऱ्या आठवड्यात.) मी लहान गावातल्या शाळेत शिकलेला माणूस. सर सांगतील ते वहीत उतरवायचं आणि पाठ करायचं, एवढंच मला येतं. डोक्यावर येणारा वार हाताने वर उडवायचा, हा ब्लॉकसुद्धा मी आकृती काढून पाठ केला. कराटेच्या सरांनी वही पाहिली.

"साहेब, मारणारा तुम्ही पान उलटेपर्यंत थांबणार आहे का? हात आपोआप वर गेला पाहिजे."

झालं! मी घरात फर्मान काढलं, की मी बेसावध दिसलो की डोक्यावर वार करायचा. मनूने वर्तमानपत्राची गुंडाळी करून घेतली. दात घासताना, बुटाची नाडी बांधताना, फ्रिजमध्ये डोकं घातलेलं असताना, महिनाभर मी मार खाल्ला. बायकोला मी यात ओढलं नव्हतं, पण ती लाटणं घेऊन आपणहून आली. (लग्नाला चौदा वर्षं झाली. माझ्या कुठल्याही कामात तिने इतका उत्साह दाखवला नव्हता!) आणि एके दिवशी खरोखरच हात आपोआप वर गेला. मला एवढा आनंद झाला की मी गावाकडे बाबांना फोन करून सांगितलं, मे महिन्यात पहिल्या पट्ट्याची परीक्षा आहे.

परीक्षा म्हटल्यावर बाबा वाशीमकडून निघालेच. बाबा शिंपी. दहावी असो, बारावी असो, बी.कॉम. असो, घरातून निघताना मी त्यांच्या पाया पडायचो आणि ते डोक्यावर हात ठेवायचे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यातलं निम्मं श्रेय मी आजही त्या हाताला देतो.

रविवारी सकाळी मी पांढराशुभ्र पोशाख घालून बाहेर आलो. त्याची लांब झालेली पँट बाबांनीच आदल्या दिवशी दुमडून शिवली होती. मी वाकलो. बाबांनी उजवा हात माझ्या डोक्यावर नेला.

पुढचं सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे झालं. माझा हात उसळला, कोपर कानाच्या वर, मूठ बाहेर वळलेली. आरोळीसुद्धा सुटली. बाबा मनगट धरून सोफ्यावर बसले. मनू टाळ्या वाजवत होती.

"एवढा राग होता तं आधी सांगाचं ना रे," बाबा म्हणाले.

परीक्षा राहिली बाजूला. मी त्याच पोशाखात त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, कसं झालं.

"आशीर्वाद देत होतो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. "आणि आपण?"

"मी घेत होतो."

सहा आठवड्यांचं प्लास्टर! रिक्षात बसेपर्यंत मी आपला परीक्षा हुकल्याच्या दुःखात होतो, हे लिहितानाही लाज वाटते. बाबा बाहेर बघत हळूच म्हणाले, "जूनचं कसं करू रे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा उघडायच्या आधी गावातले निम्मे गणवेश बाबांच्या मशीनवर शिवले जातात. शाळेचा पहिला दिवस त्यांच्याकडून कुठल्याही पोराचा चुकलेला नाही. माझाही नाही.

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गावी गेलो. अर्धे तागे बाबांनी स्टँडजवळच्या शिंप्याकडे पाठवले. तीस वर्षं ज्याच्या शिलाईला ते नावं ठेवत आले, त्याच्याकडे! तागे सायकलवर मी बांधले, बाबा डाव्या हाताने ते सारखे करत राहिले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या अर्ध्यांसाठी मशीनवर मी बसलो आणि बाबा गळ्यात हात अडकवून शेजारी स्टुलावर. मी वही काढली. त्यांनी ती घेऊन कात्रीखाली ठेवली. दिवसभर खपून मी एक हाफ पँट तयार केली. बाबांनी ती डाव्या हाताने उजेडात धरली, बराच वेळ पाहिली.

"हे पोरगं लंगडते का?"

एक पाय दुसऱ्याहून चार बोटं आखूड होता. बाबांनी ती उसवून घेतली, पुढची शिलाई माझ्या चुलतभावाकडे गेली आणि माझ्याकडे बटणं आली. शाळा वेळेवर उघडली. पोरं गणवेशात गेली. फक्त यंदा निम्म्यांच्या कॉलरी बाबांना रस्त्यातून जाताना बघवत नव्हत्या.

पुढच्या परीक्षेत मला पिवळा पट्टा मिळाला. गावी गेलो की बाबांच्या दुकानात मात्र मी अजून बटणांवरच असतो. आणि तीही मी लावून झाल्यावर बाबा एकेक ओढून बघतात.