पांढरा चौकोन

ट्रंक आवरताना जुना एक्स-रे हाती लागला आणि लष्करी छावणीतला तो दवाखाना आठवला. थोरल्या जाऊबाईंचा खोकला हटेना, म्हणून मी त्यांच्या नकळत चोळीच्या अस्तरात तांब्याचा ताईत शिवला होता. फोटोत नेमका बरगड्यांवर पांढरा चौकोन उमटला. "धातूतून किरणं जात नाहीत. सगळं काढा म्हटलं होतं ना, बाई?" फोटोवाला खेकसला. "काढलंय हो, शप्पथ!" जाऊबाई म्हणाल्या. "लई खोटारडी हाय ही," सासूबाई सगळ्यांदेखत बोलल्या. मी पदर ओढून मागे सरले. घरी आल्यावर जाऊबाईंनी अस्तर उसवलं आणि ताईत माझ्या मुठीत दिला. "शिवणीचा टाका तुझाच हाय. सांगू नको कुणाला, तुला बोलतील." सासूबाई शेवटपर्यंत त्यांना खोटारडीच म्हणत राहिल्या. आज दोघीही नाहीत, आणि मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.