गुरुजींना वाजता रेडिओ हवा होता

घरात रेझिस्टर आणि डोक्यात किस्से, एकदा शिरले की वाढतच जातात. फेकायला काढावेत तर वाटतं, राहू दे, लागेल कधीतरी! माझ्याकडचे बहुतेक किस्से वशाच्या रेडिओचे. रोह्याचे वशा आणि मी, वरसे गावचा मध्या, असे आम्ही तिघे. घरात रेडिओ असणाऱ्याला गावात मान होता, तेव्हाची गोष्ट.

*

वशाला पेणची सुनंदा आवडली होती. एका लग्नात पाहिली आणि जेवण विसरला! मध्यस्थाने उत्साहाच्या भरात तिच्या वडिलांना सांगून टाकलं, "मुलगा घरी रेडिओ बनवतो!" वशाने तोवर रेडिओचे सेल तेवढे बदलले होते, तेही उलटे.

वडील शाळेत गुरुजी. म्हणाले, "छान! मुलगी बघायला याल तेव्हा स्वतः बनवलेला घेऊन या. वाजला, तर पुढचं बोलू."

वशा रडवेला. "आता काय रे?"

मी म्हटलं, "बनव! नाहीतर खोक्यात बसून तूच गा."

*

एसटीने पेण गाठलं. सुट्या पार्टच्या दुकानात शेठने रेझिस्टर पुढे ओतले. अंगावर रंगीत पट्टे. रेझिस्टर वीज किती अडवतो ते त्या पट्ट्यांवरून वाचायचं असतं, हे आम्हाला कुठे ठाऊक! वशा बस्ता बांधायला बसल्यासारखा ऐसपैस बसला.

"यात जरा फिकट नाही का? हा तपकिरी फार उठून दिसतो."

"अहो, साडीवर शोभायला हवाय की रेडिओत घालायला?"

"आत राहिला म्हणून काय, कसाही चालेल?"

शेठने चष्मा काढून पुसला आणि त्याला पट्टे वाचायला शिकवलं.

*

मध्या भातशेतीवाल्याच्या घरातला. दाणा दाताखाली धरून वाळलाय का बघायचं, मगच पोतं घ्यायचं, ही त्यांची रीत. शेठने रेडिओत घालायचा दाण्याएवढा ट्रान्झिस्टर तळहातावर ठेवला. मध्याने उचलला आणि कटकन चावला!

"वाळलाय चांगला. ओल नाय."

शेठने हात जोडले. "उष्टा झाला. आता हाच घ्या!"

खोटं वाटेल, पण सगळे पार्ट बदलले तरी तो शेवटपर्यंत टिकला. मध्या अजून मिशीवर ताव मारतो, "पारख लागते!"

*

निघताना वशा अडून बसला. "शेठ, वर दोन डायोड टाका की! भाजीवाली कोथिंबीर टाकते."

शेठने टाकले. "फोडणीत घालू नका म्हणजे झालं!"

*

कपॅसिटर वशाने उलटा लावला. फाट्! मांजर जे पळालं ते नदीपलीकडे सापडलं म्हणतात. वशाची आई हातात उलथनं घेऊन धावत आली. "मेल्या, लगीन ठरू दे तरी! आधीच फटाके?"

पुढच्या खेपेला शेठने उणे बाजूची पट्टी दाखवली. तेव्हापासून वशा प्रत्येक कपॅसिटरला आधी नमस्कार करायचा, मग तो लावायचा.

*

एका संध्याकाळी पडवीत, सोल्डरच्या धुरात, आमच्या रेडिओच्या डब्यातून खरखर आली आणि खरखरीमागून कुणीतरी गायलं. आम्ही तिघे गप्प. मध्यासुद्धा! पुढे घरात किती भारी यंत्रं आली, पण तसं गप्प कुणी केलं नाही.

*

मग तो दिवस. पेणला गुरुजींच्या घरी रेडिओ मांडला. बटण फिरवलं. आवाज नाही! वशाने पुन्हा फिरवलं. गुरुजींनी घसा साफ केला. मध्यस्थ छताकडे बघू लागला.

तेवढ्यात सुनंदा पोह्यांचं तबक घेऊन आली. ते खाली ठेवताना लोंबणारी एरियलची तार मध्ये आली, म्हणून तिने ती हाताने बाजूला धरली. आणि रेडिओ खणखणीत बोलू लागला! बातम्या!

तिने तार सोडली. गप्प. धरली. बातम्या!

गुरुजी कान लावून पुढे सरकले. "हलू नकोस गो! संपू देत."

"बाबा, पोहे द्यायचेत."

"ते देतील. वसंतराव, घ्या तबक!"

वशा उठला. त्याने घरातल्या सगळ्यांना पोहे दिले, खाली मान घालून. शेवटची बशी सुनंदापुढे धरली.

तिने एका हाताने बशी घेतली, दुसऱ्याने तार तशीच धरलेली. त्याच्याकडे नीट बघत विचारलं,

"स्वयंपाक येतो का तुम्हाला?"