न कापलेलं पान

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणाला सोलापुरात आमच्याकडे आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि घरात सगळ्यांत शहाणी मीच अशी माझी ठाम समजूत होती. शाळेसाठी आरोग्याचं नवंकोरं पुस्तक घेतलं होतं. तेव्हा पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच येत. धडा होईल तशी मी ती केसांतल्या आकड्यानं फाडायची. मोठं माणूस मिनिटाला सोळा ते अठरा श्वास घेतं, इथवर माझी फाडाफाडी आली होती.

बाराव्या दिवशी बारसं. ओसरीवर घुगऱ्यांचं पातेलं, पाळण्याभोवती बायकांची दाटी, बाळ गाढ झोपलेलं. दाजी कुर्डुवाडीला रेल्वेत होते. मी त्यांचं खिशातलं घड्याळ मागून घेतलं आणि सगळ्यांदेखत ऐटीत बाळाचे श्वास मोजायला बसले. अठरा झाले, तीस झाले, मिनिट भरलं तेव्हा बेचाळीस!

"बाळाला धाप लागलीय! थांबवा बारसं!" मी ओरडले.

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. तिचं पहिलं मूल छातीच्या दुखण्यानं महिन्याचं होऊन गेलं होतं. दाजी अनवाणीच डॉक्टरांकडे पळाले. सुईण मात्र घुगऱ्या चघळत म्हणाली, "लई शिकलीस की पोरी! तान्हं पोर असंच श्वास घेतंय." पण अडाणी बाईचं मी कशाला ऐकते!

डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं, स्वतः मोजलं आणि माझं पुस्तक मागवलं. जोडलेलं पान दिसताच त्यांनी चाकू काढून ते चर्रकन कापलं. आत छापलं होतं, तान्ह्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळिसाच्या आसपास.

"आता हिचे मोजतो," म्हणाले. माझे भरले तीस! "धाप हिलाच लागलीय." बायका हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, सुईणीला घुगरीचा ठसका लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मलाही हसू आवरेना.

अक्का तेवढी रडत होती. मी तिचे पाय धरले. तिनं मला जवळ ओढलं.

"माझा एक श्वास होईतो त्याचे दोन होतात," ती कानात म्हणाली. "बारा दिवस बघतेय गं. कुणाला विचारायची छातीच झाली नाही."

मग डोळे पुसून ती मोठ्यानं म्हणाली, "चला, माझ्या बाळाचं नाव ठेवा."